कपार धरायची नाही

१२ जानेवारी २०२५, श्रीरामपूर

अनन्याचा फोन रविवारी संध्याकाळी येतो. त्या बेटावर तेव्हाच तिला जरा मोकळा वेळ मिळतो. आज सकाळीच आला, तेव्हा काहीतरी आहे हे रिंग वाजतानाच कळलं. लक्षद्वीपमधलं तिचं शार्कचं काम आणखी दोन वर्षांसाठी मंजूर झालं आहे. अठ्ठावीस फेब्रुवारीच्या आत तिने हो किंवा नाही कळवायचं आहे.

मी म्हटलं, "बाबा गेल्यावर तू म्हणाली होतीस, हे काम संपलं की घरी येते."

"म्हणाले होते."

"इथल्या कॉलेजात प्राणिशास्त्राची जागा निघते आहे. सुहासकाकांनी चौकशी करून ठेवली आहे."

जागेचं तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, आपण असं करू. तू इथं ये. आठ दिवस राहा आणि माझ्याबरोबर पाण्यात उतर. त्यानंतर तू नको म्हणालीस, तर मी नाही कळवते. वाद घालणार नाही."

मी लगेच कबूल केलं. इथं लिहायला हरकत नाही, माझं उत्तर आत्ताच ठरलेलं आहे. जाईन, पाण्यात उतरेन आणि नको म्हणेन. शामकांतला जाऊन एकवीस महिने झाले. चार खोल्या आहेत, त्यांतल्या दोन मी बंदच ठेवते. पण त्याचा इथं संबंध नाही. मुलगी शार्कच्या तोंडी द्यायची नाही, एवढंच.

१५ जानेवारी

सुहासभाऊजी येऊन गेले. शामकांतचे धाकटे भाऊ. दोन गल्ल्या पलीकडे राहतात आणि माझी काळजी वाहणं हे त्यांनी नोकरीसारखं धरलं आहे.

"वहिनी, बासष्टाव्या वर्षी समुद्रात? पोहता येतं का तुम्हाला?"

"येतं."

ते चहा प्यायचे थांबले. या घरात येऊन अडतीस वर्षं झाली, पण हे कोणाला माहीत नव्हतं. कोणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. काष्टीला मामांच्या मळ्यात आमची विहीर होती. आठव्या वर्षापासून अकराव्या वर्षापर्यंतच्या सगळ्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या मी त्या विहिरीत काढल्या. मग नगरच्या कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात गेले आणि वडील म्हणाले, आता पुरे.

बोर्डिंगात पोहणं नव्हतं, पण दर शनिवारी सिस्टर आम्हाला ओळीत उभं करून चमचाभर तेल पाजत. अंगात ताकद येते म्हणून. पिवळट, घशाला चिकटणारं. शाकाहारी घरातली मी, मला वाटायचं कसल्यातरी बियांचं असेल. मागे एकदा फोनवर अनन्याला त्याचा वास कसा होता ते सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, ते शार्कच्या काळजाचं, लिव्हरचं तेल असणार." मला दिवसभर तोंडात तीच चव आल्यासारखं वाटलं.

२१ जानेवारी

बेटावर जायला परवाना लागतो आणि परवान्यासाठी पोलिसांचा चारित्र्याचा दाखला. ठाण्यात एका तरुण हवालदाराने फॉर्म भरून घेतला. जिल्ह्याच्या रकान्यात मी सवयीने जुनंच नाव, अहमदनगर, लिहिलं होतं, ते त्याने खोडायला लावलं.

"जाण्याचं कारण?"

"मुलीला भेटायला."

"मुलगी काय करते तिकडं?"

"शार्क मोजते."

त्याने पेन खाली ठेवलं. "आन् ते मोजू देत्यात?"

२६ जानेवारी, काष्टी

सराव करायला काष्टीला आले आहे. मामा नाहीत. मळा वीस वर्षांपूर्वी विकला गेला आणि तो घेतला भागिरथीच्या मुलाने, नितीनने. भागिरथी माझी लहानपणची मैत्रीण. तिचे वडील रंगनाथ मामांकडे मोटेवर होते. आता तिचं मळ्यातच पक्कं घर आहे. दारात मोटारसायकली, बैठकीत बुद्धाची मोठी तसबीर. ती सदुसष्टची आहे, गुडघे दुखतात, पण जीभ पहिल्यासारखीच. मधुवंतीची मधी करणारी तीच एक.

"ये मधे. किती वर्सांनी आलीस, आन् ते बी पोहायला? येड लागलं का काय?"

मी म्हटलं, "आमची विहीर बघायला आले."

"आमची कुठली? आता माझी हाय ती," ती म्हणाली आणि हसली. मीही हसले.

पोहायला मला भागिरथीनेच शिकवलं. ती स्वतः नदीत शिकलेली. पाठीला सुका भोपळा बांधून मी विहिरीत, आणि ती वर काठावर बसून ओरडायची, "हात मार. पाय मार. दमलीस तर कपार धर." कपार म्हणजे विहिरीच्या भिंतीतल्या दगडाची हाताने धरता येईल अशी खाच. हा आमचा पहिला आणि शेवटचा धडा. काही झालं, घाबरलं, पाणी नाकात गेलं की कपार धर. ती मात्र कधी उतरायची नाही. थंडी वाजते म्हणायची. एप्रिल महिन्यात.

२७ जानेवारी

सकाळी उतरले. त्याआधी भागिरथीने रीतीप्रमाणे मातीचं मोठं ढेकूळ पाण्यात टाकलं. विहिरीत विरोळा असतो, पाणसाप. विषारी नाही, पण पायाला लागला की माणूस गारठतं. ढेकूळ पडलं की तो दगडांत जातो, आणि मग आपण मुटका मारायचा. गुडघे पोटाशी घेऊन धप्पकन. पाणी जितकं वर उडेल तितकी शाबासकी.

पंजाबी ड्रेस घालून मी मुटका मारला. पाणी बर्फासारखं होतं. वर आले तेव्हा श्वास सापडेना.

"कपार धर, मधे!"

धरली. पन्नास वर्षांनी तोच दगड हाताला लागला, तीच खाच. मला रडू आलं. पाण्यात असल्यामुळे कोणाला दिसलं नाही.

३० जानेवारी

पाच दिवस राहिले. आज शेवटच्या दिवशी विहिरीत सलग वीस फेऱ्या मारल्या. भागिरथी म्हणाली, "पास झालीस. पन समुद्राला कपार असती का गं?"

मी म्हटलं, "असेल काहीतरी."

१४ फेब्रुवारी, बेटावर

पुण्याहून विमानाने कोची, मग छोटं विमान, मग तीन तास बोट. अनन्या धक्क्यावर उभी होती. काळी झाली आहे, पण हातापायांत जोर दिसतो. तिची एकच खोली, बाहेर नारळाची झाडं, झाडांपलीकडे उथळ पाणी. निळा रंग असा की मला जरा खोटाच वाटला. बाहेर प्रवाळाची भिंत आहे, तिच्या आतलं हे शांत पाणी.

ती कामाला गेली तेव्हा मी तिचं स्वयंपाकघर लावलं. डबे जमिनीवरच्या खोक्यात होते, ते फळीवर चढवले. चहा, साखर, कॉफी, डाळी अशी ओळ केली. फळीवर तिने दोऱ्या आणि बाटल्या ठेवल्या होत्या, त्या पलंगाखाली सारल्या.

१५ फेब्रुवारी

सकाळी अनन्या अंधारात कॉफी शोधत होती. मी म्हटलं, फळीवर तिसरा डबा. "बरं," म्हणाली. मग बाटल्या शोधल्या. "पलंगाखाली," मी म्हटलं. "बरं," ती पुन्हा म्हणाली. लहानपणी एवढी समजूतदार नव्हती.

१६ फेब्रुवारी

आज समुद्रात उतरले, आणि उतरताक्षणी चूक केली.

हमजा नावाचा बेटावरचा माणूस अनन्याची बोट चालवतो. चाळिशीचा असेल. मोडकी हिंदी बोलतो आणि मला उम्मा म्हणतो. त्यांच्याकडे आईला म्हणतात. अनन्याने पहाटेच उथळ पाण्यात खुंटीला कॅमेरा बांधला होता. शार्कची पिल्लं तिथून जातात, आणि तीन तास सगळं शांत ठेवलं की जवळ येतात. आम्ही नऊ वाजता पोहोचलो. अनन्या म्हणाली, "आई, आता उतर."

मी गुडघे पोटाशी घेतले आणि मुटका मारला.

वर आले तेव्हा हमजा बोटीत आडवा होऊन हसत होता. अनन्या हसत नव्हती.

"आई, ते शिडीनं उतरायचं असतं."

"मला काय माहीत? विहिरीत असंच उतरतात."

"असा धप्प आवाज शार्कला खूप लांबून कळतो. त्याला वाटतं, एखादा जखमी मासा तडफडतोय. नाहीतर तो घाबरून निघून जातो. आजचा दिवस गेला."

ती रागावली नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी तिने नियम नीट समजावले. पाण्यात हळू शिरायचं. हातपाय झोडायचे नाहीत. कशाला हात लावायचा नाही, प्रवाळाला तर नाहीच, तो दगड दिसला तरी जिवंत असतो. शार्क जवळ आला तर त्याच्याकडे बघत राहायचं आणि सावकाश मागे सरायचं. मला चॅपेल आठवलं. सिस्टर असंच सांगायच्या. पाय वाजवायचे नाहीत, बोलायचं नाही, हे तुमचं घर नाही.

"आणि अंगावर चकाकणारं काही नको," अनन्या म्हणाली. "पाण्यात ऊन पडलं की ते माशाच्या खवल्यासारखं दिसतं. बांगड्या काढून ठेवशील ना?"

मी मान हलवली.

या दोन सोन्याच्या बांगड्या शामकांतने अनन्या झाली तेव्हा केल्या. तो गेला त्या दिवशी बायका पुढे आल्या, काचेच्या काढल्या. सोन्याच्या काढायला लागल्या तेव्हा मी हात मागे घेतला. तिथून पुढे त्या हातातच आहेत. आंघोळीलाही काढत नाही.

१८ फेब्रुवारी

जे झालं ते क्रमाने लिहिते.

अनन्याने नियम पुन्हा एकदा सांगितले. आज शिडीने उतरले. अंगात अनन्याने दिलेला लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा होता. बांगड्या मी कोपराकडे सरकवून बाहीखाली दडवल्या आणि दोन्हीकडे वर रबर लावलं. डोळ्यांवर चष्मा, तोंडात नळी. अनन्या बाजूला. पाणी छातीएवढं.

प्रथम काहीच नव्हतं. मग तीन आले. हातभर लांबीचे, वाळूच्या रंगाचे, आणि पाठीवरच्या पराचं टोक काळं. शाळेत दौतीत टाक बुडवला की जेवढं टोक काळं व्हायचं, तेवढंच. ते पोहत आहेत असं वाटेना. पाणीच त्यांना पुढे नेत होतं. माझ्याकडे त्यांनी बघितलं आणि ते निघून गेले. इतक्या लहान जीवाने मला पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. मला हसू आलं.

पिल्लं इथं का, हे अनन्याने सकाळी सांगितलं होतं. आई भिंतीच्या आत येऊन पिल्लं देते, तीनचारच, आणि लगेच निघून जाते. मी म्हटलं, हे काय, टाकून जाते? ती म्हणाली, "इथं पिल्लांना सगळ्यात जास्त भीती मोठ्या शार्कची असते, आई. ती थांबत नाही म्हणूनच पिल्लं जगतात." मला ते पटलं नव्हतं. अजूनही फारसं पटलेलं नाही.

ते पुन्हा फिरून आले तेव्हा मी हात पुढे केला होता. कशाला, सांगता येत नाही. रबर निसटलं, त्या हातातली बांगडी बाहीतून मनगटावर आली, तिच्यावर ऊन पडलं. एक पिल्लू गर्रकन वळलं आणि सरळ माझ्या हातावर आलं. हातभर अंतर राहिलं असेल. त्या वेळी माझ्या कानात अनन्याने सांगितलेलं काही नव्हतं. भागिरथीचा आवाज होता. कपार धर.

शेजारी प्रवाळ होता. मी तो घट्ट धरला. तुकडा मोडून हातात आला आणि तळवा फाटला. पिल्लू माझ्या हालचालीने दचकलं आणि दिसेनासं झालं.

"आई, हळू," अनन्या म्हणाली. "झोडू नको. बोटीकडे बघू नको, मोकळ्या पाण्याकडे बघत मागे मागे ये." ती माझ्या आणि त्या मोकळ्या पाण्याच्या मध्ये राहिली. बोटीत तिने जखम धुतली. खोल नाही, पण लांब आहे. बांगड्या तिला दिसल्या. तिने माझ्या मुठीतला तुकडा सोडवून घेतला. लिंबाएवढा होता.

"एवढं वाढायला याला पाचसहा वर्षं लागली असतील," एवढंच म्हणाली आणि तो जिथला होता तिथं खाली सोडून आली.

१९ फेब्रुवारी

संध्याकाळी सुहासभाऊजींचा व्हिडिओ कॉल. त्यांना माझ्या हातावरचं बँडेज दिसलं.

"वहिनी, हे काय? चावला की काय?"

"जवळ आला होता," मी म्हटलं.

"चावला म्हणा की सरळ. अनन्या कुठे आहे? द्या तिला."

अनन्या समोरच उभी होती. भाऊजी बोलत राहिले. आईचा हात गेला असता, बास झालं, बाप नाही तर काय वाटेल ते करायचं का, कॉलेजच्या जागेचा अर्ज मी आजच आणतो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, आई सांगेल तसं."

मग माझ्याकडे बघितलं. मी बँडेजची गाठ सोडून पुन्हा बांधत होते.

तासाभरात सोसायटीच्या ग्रुपवर आलं: मधुवंतीताईंवर शार्कचा हल्ला, सुदैवाने बचावल्या. खाली बावीस जणांनी हात जोडले आहेत. शेजारच्या मालनबाईंनी देवापुढे दिवा लावल्याचा फोटो पाठवला.

खोटं असं मी काही बोललेले नाही. अठ्ठावीस तारखेला अजून नऊ दिवस आहेत. मला नको म्हणायचं आहे, आणि आता त्यासाठी कारणही शोधावं लागणार नाही. हे लिहून झाल्यावर वाचलं. अक्षर वाईट आलं आहे, उजवा हात दुखतो म्हणून.

२० फेब्रुवारी

अनन्या तिच्या संशोधन केंद्रावर गेली होती. हमजा दारात नारळ ठेवायला आला आणि उभाच राहिला. म्हणाला, "उम्मा, गावात लोक विचारतात, शार्कने पाहुणीला चावलं का. केंद्रावर तुमच्याकडून कोणाचा फोन आला होता म्हणतात."

भाऊजी असणार.

मी विचारलं, "लोक काय करतील?"

"कोणीतरी जाळं लावेल. रागानं नाही, भीतीनं. त्या पाण्यात मुलं खेळतात. वीस पिल्लं असतील सगळी. एका रात्रीत निघतील." मग म्हणाला, "चला, एक दाखवतो."

किनाऱ्यावर झाडाखाली त्याच्या आजोबांची जुनी लाकडी बोट पालथी घातली आहे. आजोबा मोठे शार्क धरत, काळजाचं तेल काढून बोटीला लावत, म्हणजे लाकूड कुजत नाही. त्याने मला फळीवर नाक टेकवायला लावलं. पन्नास वर्षांपूर्वीचा शनिवार समोर उभा राहिला. सिस्टरांचा चमचा, व्हरांड्यातली ओळ, मागच्या मुलीचा धक्का.

"तेव्हा भिंतीबाहेर मोठे शार्क खूप होते," हमजा म्हणाला. "आजोबांनी पुष्कळ धरले. त्यांना वाटलं, समुद्र आहे, संपणार कसा. आता मी तुमच्या मुलीबरोबर वीस पिल्लं मोजतो."

खोलीवर आले. अनन्याच्या टेबलावर एक छापील फॉर्म होता, तिच्याच अक्षरात भरलेला. वाचायला नको होता. वाचला. पाहुण्यासोबत पाण्यात काही झालं तर तो भरावा लागतो. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं होतं: पाहुणीला चकाकणाऱ्या वस्तू काढण्याविषयी पुरेशी सूचना दिली नाही, उतरण्याआधी तपासणी केली नाही, चूक माझी. खाली छापलेलं होतं की सोबत असलेल्याचा निष्काळजीपणा ठरला तर सहा महिने पाण्यात उतरण्याची परवानगी राहणार नाही.

सही बाकी होती.

मी खुर्चीत बसले. वीस मिनिटं बसले असेन. त्यांतली काही मिनिटं मी हा फॉर्म तसाच जाऊ द्यावा असा विचार केला. सहा महिने पाणी नाही म्हटल्यावर ती कशाला राहील? मला नको म्हणावंही लागलं नसतं. हे कोणाला सांगणार नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

मग तिचं पेन घेतलं. तिने लिहिलेल्यावर आडवी रेघ मारली आणि खाली इंग्रजीत, सिस्टरांनी घोटवून घेतलेल्या तिरप्या अक्षरात, दुखऱ्या हाताने लिहिलं. मला सर्व नियम दोन वेळा सांगितले होते. बांगड्या मी जाणूनबुजून बाहीखाली लपवल्या. शार्कने मला स्पर्शही केला नाही. जखम प्रवाळ धरल्यामुळे झाली आणि प्रवाळ माझ्यामुळे मोडला. नाव, वय, सही.

ती आली, तेव्हा फॉर्म तिच्यापुढे ठेवला. उभ्यानेच वाचला. मग माझ्याजवळ खाली बसली आणि माझ्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. शामकांत गेल्यापासून तिने असं केलं नव्हतं.

"तू हे का लिहीत होतीस?" मी विचारलं.

"तुझ्याकडून बांगड्या काढून घ्यायला मला जमलं नाही, आई. त्या दिवशी बायका काढत होत्या ते मी बघितलं होतं."

मी भाऊजींना फोन लावला. स्पीकरवर.

"भाऊजी, शार्क चावला नाही. मी दगड समजून प्रवाळ धरला, त्याने कापलं. तुम्ही ग्रुपवर टाका आणि केंद्रावरही फोन करून सांगा."

"पण वहिनी, मी सगळ्यांना सांगून बसलो."

"मग सगळ्यांना परत सांगा."

२१ फेब्रुवारी

बोटीत बसल्यावर बांगड्या काढल्या. डावी सहज निघाली. उजवी निघेना, हात सुजला आहे. हमजाने खोबरेल दिलं. अनन्याने दोन्ही घेऊन डब्यात ठेवल्या नाहीत, मी येईपर्यंत बोटीत आपल्या हातात घालून बसली. मनगटं इतकी हलकी झाली होती की मला पाण्यात तोल सापडेना.

हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून, हमजाचा दोर धरून, गुडघाभर पाण्यात नुसती उभी राहिले. एका जागी. तासाने पिल्लं आली. माझ्या पायांना वळसा घालून गेली. मी मोजली. सात.

संध्याकाळी डबे फळीवरून उतरवून खोक्यात ठेवले. कॉफी आधी कुठे होती ते आठवेना, म्हणून तिला विचारलं. बाटल्या आणि दोऱ्या तिच्या तिने लावल्या.

जेवताना म्हटलं, "हो लिहून पाठव."

"दोन वर्षं आहेत, आई."

"मला मोजता येतं. आजच सात मोजले."

ती जेवायची थांबली. मी तिच्या पानात आणखी भात वाढणार होते, पण आधी विचारलं.

२ मार्च, श्रीरामपूर

आल्यापासून लोक हात बघायला येतात. मालनबाई, त्यांची सून, भाऊजींचे दोन मित्र. मी सगळ्यांना सांगते की प्रवाळ लागला. जरा हिरमुसतात. मालनबाई म्हणाल्या, "अहो, मी दिवा लावला होता." मी म्हटलं, वाया नाही जायचा.

भाऊजी कॉलेजचा अर्ज परत घेऊन गेले. जाताना दारात म्हणाले, "तुम्ही एकट्या राहणार आता?"

"तुम्ही आहात की. दोन गल्ल्यांवर," मी म्हटलं. ते गेल्यावर बंद खोल्यांपैकी एक उघडली. बांगड्या परत हातात आहेत, पण रात्री काढून उशाशी ठेवते.

१६ मार्च, काष्टी

भागिरथीला सगळी हकिगत ऐकायची होती, म्हणून आले. विहिरीच्या काठावर बसून सांगितली. शार्कपेक्षा तिला मुटका जास्त आवडला. दोनदा सांगायला लावला.

"आता उतर. ऊन लई झालंय," ती म्हणाली आणि ढेकूळ उचललं.

"टाकू नको."

"का? विरोळा हाय त्यात. काल बघितला म्या."

"त्याचं घर आहे. आपण हळू उतरू, तो आपला आपण बाजूला होईल."

ती माझ्याकडे बघत राहिली. ढेकूळ हातातच होतं. मी पायऱ्यांकडे गेले आणि थांबले. इतक्या वर्षांचा प्रश्न होता, आजच का आठवला कोण जाणे.

"भागिरथी, तू कधीच नाही उतरलीस माझ्याबरोबर. एप्रिलमध्ये कसली थंडी वाजायची तुला?"

"थंडी?" तिने ढेकूळ खाली ठेवलं. "मधे, तवा मला ह्या हिरीत कोन उतरू देनार हुतं? तुझ्या मामीनं काठावर बसू दिलं हेच लई."

तिने ते रागाने म्हटलं नाही. आज ऊन जास्त आहे म्हणावं, तसंच म्हटलं. त्या कपारीला मी चार उन्हाळे हात लावला होता. ती तिथं आहे हे मला काठावरून सांगणारीने कधीच नाही.

"माझी हीर हाय आता," ती म्हणाली. "रोज सकाळच्याला पाय सोडून बसती मी. पान्यात."

मी बांगड्या काढून तिच्या ओटीत दिल्या. "सांभाळ. आणि मी उतरू का?"

"इचारतीस काय, उतर की."

"विचारायला पाहिजे," मी म्हटलं.

पायरी पायरीने उतरले. शेवटच्या पायरीवर पाणी घोट्याला लागलं तेव्हा समोरच्या भिंतीशी विरोळ्याने डोकं वर काढलं, मला पाहिलं, आणि घाई न करता दगडांत गेला. मी गळ्याइतक्या पाण्यात आले. आवाज झाला नाही. वर बघितलं तर भागिरथी लुगडं खोचून, दुखरे गुडघे सांभाळत, पहिली पायरी उतरत होती.

"सरक तिकडं," ती म्हणाली. "कपारीजवळची जागा माझी."

मी सरकले.